शाळेपुरता पालक

घटस्फोटाच्या कागदपत्रांत एकोणीस कलमे होती आणि कर्टिस नोवोसेलने ती सगळी, स्वल्पविरामांसकट, तीनदा वाचली होती. अठरा कलमांविषयी त्याचे काही म्हणणे नव्हते. नाताळची सकाळ कोणाकडे, थँक्सगिव्हिंगचे जेवण कोणाकडे, तळ्यावरचा आठवडा कोणत्या वर्षी कोणाचा, हे सारे वकिलांनी इतक्या नेटकेपणाने मांडले होते की वाचताना त्याला लेखकाविषयी आदरच वाटला. सातवे कलम मात्र मोकळे सोडले होते. ओहायोच्या कायद्याने मूल दोघांचेही राहू शकते, पण शाळेच्या दृष्टीने त्याचा पत्ता एकच असावा लागतो. ज्याचा तो पत्ता, तो शाळेपुरता पालक. सोमवार ते शुक्रवार मूल त्याच्या छपराखाली झोपणार, आणि दुसऱ्याच्या वाट्याला एकाआड एक शनिवार-रविवार येणार. त्यांची डेलिया दहा वर्षांची होती, येत्या ऑगस्टमध्ये पाचवीत जायची होती. तिचे आठवड्याचे पाच दिवस कोणाचे, हे सातव्या कलमात भरायचे होते.

मध्यस्थाच्या टेबलापाशी तमाराने, म्हणजे कर्टिसच्या बायकोने, त्यावर स्वतःहून तोडगा सुचवला. “तिच्या आत्ताच्या शाळेपेक्षा चांगली शाळा शोध. पाचवी आणि पुढचं मिडल स्कूल, दोन्ही. पंधरा जुलैच्या आत तुझा पत्ता तिथला झाला, तर मी सही करीन.” मध्यस्थाने ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले. ‘चांगली’ या शब्दाची व्याख्या कोणी मागितली नाही. ती कर्टिसने घरी जाऊन स्वतः तयार केली.

घरी म्हणजे एका दंतवैद्याच्या दवाखान्यावरच्या भाड्याच्या खोलीत. तिथल्या जेवणाच्या टेबलावर त्याने शहराभोवतालच्या नऊ उपनगरांचा तक्ता मांडला. प्रत्येक उपनगराचा शालेय विभाग स्वतंत्र, आणि प्रत्येकापुढे एकतीस रकाने. राज्य सरकारने दिलेले तारे, एका शिक्षकामागे मुले किती, वर्षभरात शिक्षक किती सोडून गेले, सहावीतल्या गणिताच्या तुकड्या किती, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे, परिचारिका दिवसभर असते की फक्त सकाळी, मिडल स्कूलची पहिली घंटा किती वाजता. कर्टिस जिल्ह्याचा लिफ्ट-तपासनीस होता. इमारतीत शिरायचे, यादी काढायची, तारेपासून दरवाजापर्यंत एकेका गोष्टीवर खूण करायची आणि शेवटी सही करायची, यात त्याची एकोणीस वर्षे गेली होती. शाळांची यादीही तो त्याच हाताने करत होता. आनंद नव्हता, कंटाळाही नव्हता. एप्रिलमध्ये एकदा त्याच्या लक्षात आले की आपण तीन आठवडे रोज डब्यातले सूप पीत आहोत आणि ते कशाचे आहे हे आपल्याला सांगता येणार नाही. त्याने डबा उचलून नाव वाचले, खाली ठेवला आणि चोविसाव्या रकान्याकडे वळला.

शनिवारी तो पॅट्रिस लोनर्गन या एजंट बाईंबरोबर घरे पाहायला जाई. पॅट्रिस साठीच्या होत्या, गाडी हळू चालवत आणि भरभर बोलत. पहिल्याच घरी कर्टिसने विचारले, इथली शाळा कशी आहे. पॅट्रिसनी वर पाहून सांगितले की छप्पर नवे आहे.

“मी शाळेचं विचारलं.”

“ऐकलं मी. पण ते मी बोलायचं नाही, कर्टिस. माझा परवाना जाईल. आमच्या धंद्यात ‘चांगली शाळा’ म्हणायचं आणि लोकांनी ‘आपल्याच रंगाचे शेजारी’ असं समजायचं, हे चाळीस वर्षं चाललं. म्हणून आता तोंडाला कुलूप. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचं विचारा, तळघरात पाणी शिरतं का विचारा, दिवसभर बोलेन.”

त्यावर कर्टिसने त्यांच्याशी तीन घरे पुरेल इतका वाद घातला. राज्याने छापलेला आकडा हे मत नव्हे, वस्तुस्थिती आहे. वस्तुस्थिती सांगणे म्हणजे शिफारस करणे नव्हे. आणि जी गोष्ट कोणालाही वाचता येते ती एजंटने वाचून दाखवली तर कायद्याचा हेतू कुठे बिघडतो, असे त्याचे मुद्दे होते. पॅट्रिसनी सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, तुम्ही चुकून लिफ्टकडे गेलात, तुमची जागा न्यायालयात होती. वाद त्याने जिंकला होता, पण शाळेचे एक अक्षर त्यांच्या तोंडून निघाले नाही.

मेमध्ये तक्त्याने निकाल दिला. लिंडेन रिज हे उपनगर एकतीसपैकी बावीस रकान्यांत पहिले आले. तिथली हॉलोवे प्राथमिक शाळा आणि तिला जोडलेले मिडल स्कूल, दोन्ही डेलियाच्या आत्ताच्या शाळेच्या स्पष्टपणे वर होती. शिवाय कर्टिसची थोरली बहीण रॉबर्टा त्याच गावात राहत होती, पण बहिणीसाठी रकाना नव्हता. कॉर्विन लेनवर एक विटांचे दोन मजली घर मिळाले. फाटकाजवळच्या पत्रपेटीवर लिंडेन रिज असे नाव होते, कोपऱ्यावर लिंडेन रिजच्या पोलिसांची गाडी उभी होती, आणि हॉलोवे शाळेचे मैदान वरच्या खिडकीतून दिसत होते. पॅट्रिस कुलूप लावताना म्हणाल्या, “एक करा. विभागाच्या कार्यालयात फोन करा, हा पत्ता सांगा आणि विचारा, घर तुमच्यातच येतं ना. पाच मिनिटांचं काम आहे. मी सगळ्यांनाच सांगते.”

कर्टिसला ते लागले. सहा आठवडे तक्ता करणाऱ्या माणसाला पाच मिनिटांचे काम सांगणे हा त्याला अपमान वाटला, आणि कित्येक महिन्यांत काहीतरी वाटल्याची ती एकच नोंद असल्यामुळे तो अपमान त्याने जपून ठेवला. फोन केला नाही. महिन्याअखेर घर त्याचे झाले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो प्रवेशाची कागदपत्रे घेऊन विभागाच्या कार्यालयात गेला. खरेदीखत, विजेचे बिल, डेलियाचा जन्मदाखला, लसींची नोंद, घटस्फोटाच्या कागदांची प्रत, सगळे कार्यालयाने मागितलेल्या क्रमाने लावलेले. खिडकीमागच्या बाईंनी फाइल पाहून आधी कौतुक केले, की असे लावून आणणारे वर्षात दोनच भेटतात. मग त्यांनी भूखंडाचा क्रमांक संगणकात घातला, पुन्हा घातला आणि चष्मा काढला.

“हे घर आमचं नाही.”

कर्टिस म्हणाला की काहीतरी चूक आहे. पत्रपेटीवर लिंडेन रिज लिहिलेले आहे.

“लिंडेन रिजमध्येच आहे ते. पण आमच्या विभागात नाही. गावानं ती जमीन फार पूर्वी शहराकडून घेतली. रस्ता घेतला, दिवे घेतले, पाणी घेतलं. शाळा नाही घेतल्या. कॉर्विन लेनची मुलं अजून शहराच्या शाळांत जातात.”

“कचरा तुम्ही उचलता.”

“कचरा गाव उचलतं. मुलं आम्ही उचलतो. दोन वेगळ्या गाड्या आहेत, साहेब.”

त्यांनी नकाशा छापून दिला. विभागाची हद्द रस्त्यावरून जातच नव्हती. ती कॉर्विन लेनच्या मागच्या अंगणांपलीकडून, एका कोरड्या नाल्याच्या कडेने जात होती. नाल्याच्या या बाजूच्या अकरा घरांत कर्टिसचे घर होते. खिडकीतून दिसणारे शाळेचे मैदान नाल्याच्या त्या बाजूला होते. त्याच्या घराला लागू पडणारी शाळा शहराच्या हद्दीत दोन मैलांवर होती, आणि राज्याच्या ताऱ्यांत ती डेलियाच्या आत्ताच्या शाळेच्याही खाली होती. तमाराच्या वाक्याप्रमाणे डेलियाचे पाच दिवस तमाराकडे गेले होते.

कर्टिसने आभार मानले, नकाशा घडी करून फाइलमध्ये योग्य जागी घातला आणि गाडीत जाऊन बसला. आता आपल्याला राग येईल असे त्याला वाटले, म्हणून त्याने गाडी सुरू केली नाही. काही वेळ वाट पाहूनही राग आला नाही. मग तो एका वृद्धाश्रमातली लिफ्ट तपासायला गेला. तिथला दरवाजा बंद होताना किंचित अडखळतो हे त्याने पकडले आणि दुरुस्तीचा शेरा लिहिला.

संध्याकाळी त्याने रॉबर्टाला सांगितले. रॉबर्टा त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, शाळेच्या बस चालवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. तिचे घर नाल्याच्या पलीकडे, कॉर्विन लेनपासून चालत अकरा मिनिटांवर होते. ती त्या वेळी कोबीच्या पानांत खिमा गुंडाळत होती. सगळे ऐकून ती इतकी हसली की तिला हातातले पान खाली ठेवावे लागले.

“एकतीस रकाने,” ती म्हणाली, “आणि घर कुठे आहे हा बत्तिसावा राहिला. बाबा असते ना, तर त्यांनी ते फ्रेम करून लावलं असतं.”

मग हात पुसत तिने सांगितले की यात काही अवघड नाही. माझा पत्ता लिही. नातेवाइकाकडे राहणाऱ्यांसाठी एक प्रतिज्ञापत्र असते, मी सही करते, तू सही कर, झाले. या गल्लीत कागदावर इतकी भाचरे राहतात की खरी आली तर गाड्या लावायला जागा उरणार नाही. विभाग एक निवृत्त पोलीस नेमतो, तो पहाटे येऊन खाटा मोजतो, पण त्याला ती ओळखते; वीस वर्षे त्याची मुले तिच्या बसमध्ये होती.

कर्टिसने ते प्रतिज्ञापत्र कार्यालयातून आणलेच होते. त्याने ते टेबलावर सरळ करून ठेवले आणि चौथी ओळ वाचून दाखवली. शाळेच्या दिवसांत मूल व त्याचा पालक रात्री याच पत्त्यावर झोपतात.

“मग?” रॉबर्टा म्हणाली. “कोण बघायला येतंय?”

“तो खाटा मोजणारा.”

“त्याचं मी बघते म्हटलं ना.”

“मला यावर सही करायची आहे, रॉबर्टा. मी आत बसून गेल्याशिवाय लिफ्टवर सही करत नाही.”

“म्हणजे नाही म्हणतोस.”

“नाही म्हणत नाही. आम्ही इथे झोपू. ती आणि मी. तुझ्या तळघरात ओढून उघडायचा सोफा आहे, मी एक घडीची खाट आणीन. दर आठवड्याला, सोमवार ते शुक्रवार.”

रॉबर्टाने विचारले, “आणि तुझं घर? ते नवंकोरं, दोन मजल्यांचं?”

“ते असेल तिथे.”

“कर्टिस, लोक खोटा पत्ता देतात आणि आपापल्या घरी झोपतात. तू खरं घर रिकामं ठेवून खोटा पत्ता खरा करणार. तुझ्यासारखा मूर्ख या राज्यात दुसरा नसेल.” पण ती उठली आणि तळघरातला दिवा लावून तिथे ओल धरते का ते पाहायला खाली गेली.

खिडकीमागच्या बाईंशी मात्र त्याला पुन्हा वाद घालावा लागला. त्यांना हे प्रकरण संशयास्पद वाटले, कारण त्यांच्या अनुभवात लोक घर नसल्यामुळे नातेवाइकाकडे राहत. स्वतःचे घर अकरा मिनिटांवर असताना बहिणीच्या तळघरात राहणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. कर्टिसने नियमावली उघडली. निवास म्हणजे मालकी नव्हे, असे तिसऱ्या पानावर होते. निवास म्हणजे जिथे माणूस प्रत्यक्ष झोपतो, जेवतो आणि जिथे त्याची पत्रे येतात. किती दिवसांसाठी राहणार, असे त्यांनी विचारले. हा प्रश्न प्रतिज्ञापत्रात नाही, असे त्याने दाखवून दिले. बाईंनी शिक्का मारला आणि म्हणाल्या की तुम्ही बरोबर आहात, पण तुम्ही बरोबर आहात म्हणून मला बरे वाटत नाही.

जूनच्या शेवटी तो तळघरात राहायला गेला. नियमाला आवश्यक तेवढे त्याने आणले आणि त्याहून अधिक काही आणले नाही. दोन दात घासायचे ब्रश, दोन टॉवेल, डेलियासाठी एक कपाट आणि वाचनाचा दिवा. खाटा मोजणारा माणूस एकदा सकाळी साडेसहाला आला, त्याने उशा पाहिल्या, ब्रश ओले आहेत का ते बोटाने पाहिले आणि रॉबर्टाकडे कॉफी घेऊन गेला. रोज कामावर जाताना कर्टिस कॉर्विन लेनवरून जाई, गवत वाढलेय का पाही. घर आपले आहे हे त्याला माहीत होते. त्यापलीकडे त्याविषयी काही वाटत नव्हते.

बारा जुलैला तमारा तळघर पाहायला आली. डेलिया त्या वेळी पोहण्याच्या वर्गाला गेली होती. रॉबर्टाने तमाराला दारातच मिठी मारली, दोघींचे नेहमीच पटे, आणि खाली कर्टिस एकटाच आहे असे सांगून ती बाजाराला निघून गेली.

तमारा जिना उतरून आली. तिने कपाट उघडून पाहिले, दिवा लावून बंद केला, सोफा ओढून उघडला आणि त्यावर बसून दोनदा वरखाली झाली. कर्टिसने तिला फाइल दिली. पहिल्या पानावर तक्ता, मग दोन्ही शाळांचे राज्याचे अहवाल, मग शिक्का मारलेले प्रतिज्ञापत्र. घर चुकीच्या बाजूला निघाले हे त्याने तिला फोनवरच सांगितले होते, आणि हे राहणे खरे आहे हेही.

तिने पाने उलटली नाहीत. फाइल मांडीवर ठेवली.

“एका फॉर्मवर खोटं लिहायला नको म्हणून तू तळघरात राहायला आलास,” ती म्हणाली. “माझ्याबरोबर राहत होतास तेव्हा जेवायला हाक मारली तर वरच्या खोलीतून खाली यायला तुला पाऊण तास लागायचा.”

कर्टिस म्हणाला की ते खरे आहे. ते खरेच होते.

“वाद घालत नाहीस?”

“यात मुद्दा नाही माझा.”

तिला हसू आले, पण ते टिकले नाही. तिने पर्समधून सातव्या कलमाचा कागद काढला, मांडीवरच्या फाइलवर ठेवला आणि पेन मागितले. त्याने दिले. तिने डेलियाच्या नावापुढच्या मोकळ्या जागेत त्याचे नाव लिहिले, खाली सही केली, तारीख घातली. ती फार हळू लिहीत होती.

“शाळा चांगली आहे,” ती म्हणाली. “मला ते महिन्याभरापूर्वीच माहीत होतं. मीही वाचते. मी ती अट घातली, कारण मला वाटलं तू तक्ता बाजूला ठेवशील आणि एकदा येऊन म्हणशील, तमारा, ती मला हवी आहे. शाळेचं नंतर बघू. तेवढं म्हणाला असतास तर मी कदाचित जास्त भांडले असते. पण मला कळलं असतं.”

कर्टिस उभा होता. यावर काहीतरी म्हणायला हवे होते, आणि काय म्हणायला हवे हेही तिने सांगून ठेवले होते. ते वाक्य सोपे होते. त्याने ते मनात पूर्ण केले, व्याकरण तपासले. तोपर्यंत तमारा जिन्याच्या मध्यावर पोचली होती. तिथून ती न वळता म्हणाली की डेलियाला ओलसर हवेने खोकला होतो, खिडकी उघडी ठेव. त्याने खिडकी उघडली. आपण जिंकलो आहोत, असे त्याने स्वतःला सांगून पाहिले. पाच दिवस त्याचे झाले होते. सहीखालची शाई वाळली आहे का हे त्याने बोटाने पाहिले आणि कागद फाइलमध्ये घातला.

ऑगस्टच्या तिसऱ्या सोमवारी शाळा सुरू झाली. डेलिया आदल्या दिवशी संध्याकाळी दोन पिशव्या घेऊन आली होती, आणि रॉबर्टाआत्याकडे तळघरात राहायचे यात तिला आधी मजा वाटली होती. सकाळी ती वर स्वयंपाकघरात बसून दुधातले कुरकुरीत पोहे खात होती. रॉबर्टा अंगणात पाणी घालत होती. बस यायला अठरा मिनिटे होती, कर्टिसने वेळापत्रक फ्रिजवर लावले होते.

डेलियाने चमचा वाटीत उभा धरला आणि विचारले, आपण कॉर्विन लेनच्या घरात का राहत नाही. त्याने नाला, हद्द आणि विभाग समजावून सांगितले. तिला ते चटकन कळले. ती हुशार होती, आणि त्याची होती.

“म्हणजे मी तुझ्याकडे आहे ते शाळेमुळे,” ती म्हणाली.

“शाळेमुळे कागद झाला.”

“पण आधी शाळा आली ना? मॉम म्हणाली, तू शाळा शोधलीस म्हणून.”

कर्टिसने घटना मनात ओळीने मांडल्या. घटनांचा क्रम लावणे हे त्याचे काम होते. आधी अट आली, मग तक्ता, मग घर, मग चूक, मग तळघर, मग सही. हे त्याला तारखांसह सांगता आले असते, आणि त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. पण तिचा प्रश्न तो नव्हता, एवढे त्याला दिसत होते. एप्रिलमधल्या त्या टेबलापाशी, सूपच्या डब्याशेजारी, पहिल्या रकान्याच्याही अगोदर, त्या सगळ्या कागदांवर सर्वांत वर त्याने तिचे नाव लिहिले होते. त्या वेळी त्याला काय वाटत होते, हे त्याला आठवेना. नाव लिहिले होते, एवढे आठवत होते.

“नाही,” तो म्हणाला. आवाज अहवाल वाचून दाखवावा तसा सपाट निघाला. “आधी तू आलीस. शाळा नंतर शोधली. मला तू हवी होतीस.”

डेलियाने त्याच्याकडे पाहिले. तो विनोद करत नाही हे तिला माहीत होते, म्हणून ते तिने तपासले नाही.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “दूध संपलं.”

तो फ्रिजकडे वळला. हात दाराच्या मुठीवर होता आणि आपण कशासाठी उठलो हे त्याला क्षणभर आठवेना. मग आठवले.